अक्कलदाढ, सूज आणि स्टेरॉइडची एक मात्रा

साधारणपणे सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान, माणसाला जाण येते असे मानले जाते त्या वयात, जबड्याच्या अगदी टोकाला जी दाढ उगवते तिला आपण अक्कलदाढ म्हणतो. बहुतेकांच्या जबड्यात तिला पुरेशी जागा उरलेली नसते. मग ती तिरपी येते, शेजारच्या दाढेवर रेलते किंवा हाडातच अडकून बसते. तिच्यावरची हिरडी सुजते, अन्नाचे कण अडकतात, तोंड उघडेनासे होते आणि अखेर ती काढण्याची वेळ येते.

हा सारा तरुणांचा प्रश्न आहे, अशी ज्येष्ठांची समजूत असते. ती पूर्णतः खरी नाही. तरुणपणी हाडात शांत पडून राहिलेली दाढ साठीनंतरही त्रास देऊ शकते. पुढच्या दाढा पडल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, वर कवळीचा दाब पडतो आणि लपलेली दाढ हिरडीतून डोकावू लागते. कधी ती शेजारच्या दाढेला कीड लावते, कधी तिच्याभोवती गळू किंवा पाण्याची गाठ तयार होते. या वयात हाड घट्ट व ठिसूळ झालेले असते, जखम भरण्यास अधिक दिवस लागतात आणि रुग्णाच्या पिशवीत मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांची औषधे आधीच असतात. म्हणून घरात दाढ नातवाची निघणार असो वा आजोबांची, शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या एका औषधाची नीट ओळख कुटुंबातल्या प्रत्येकाला असावी. ते औषध म्हणजे स्टेरॉइड.

या नावाभोवती आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना ते विषासमान वाटते आणि चिठ्ठीवर दिसताच ते गोळी बाजूला काढून ठेवतात. काहींना ते रामबाण वाटते आणि उरलेल्या गोळ्या ते पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवतात. अक्कलदाढेच्या बाबतीत या दोन्ही समजुती नुकसान करतात. योग्य रुग्णाला, योग्य वेळी दिलेली एक मात्रा पुष्कळ त्रास वाचवते. तेच औषध मनाने लांबवले तर दाढेपेक्षा मोठे दुखणे उभे राहू शकते.

सूज का येते

अडकलेली दाढ काढताना शल्यचिकित्सकाला हिरडी बाजूला सारावी लागते, थोडे हाड कोरावे लागते आणि बहुधा दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढावे लागतात. हा घाव शरीर दुरुस्त करू लागते. त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो, सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि संरक्षक पेशी जमा होतात. गालावर दिसणारी सूज ही या दुरुस्तीचीच खूण आहे. ती ताबडतोब येत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी थोडी असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे ४८ ते ७२ तासांच्या सुमारास, शिखर गाठते आणि त्यानंतर ओसरू लागते. आठवड्याअखेर बहुतेक चेहरे पूर्ववत होतात. वेदनेचा क्रम वेगळा असतो. बधिरतेचे इंजेक्शन उतरल्यावर पहिल्या दिवशीच ती सर्वाधिक जाणवते. तिसरा त्रास जबडा आखडण्याचा. निरोगी माणसाच्या उघड्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दाढ काढल्यानंतर काही दिवस एखादे बोटही जेमतेम मावते.

जखमी पेशींच्या आवरणातून एक स्निग्ध द्रव्य मोकळे होते आणि त्यापासून सूज व वेदना निर्माण करणारी रसायने तयार होतात. धरणाच्या मुख्य कालव्यातून पाणी सुटावे, पुढे ते वितरिकांत आणि तिथून शेताच्या चारीत जावे, तशी ही साखळी असते. आयबुप्रोफेनसारखी नेहमीची वेदनाशामके पुढची एक वितरिका अडवतात. स्टेरॉइड मुख्य कालव्याचेच दार ओढून घेते, म्हणून सुजेवर त्याचा परिणाम अधिक व्यापक होतो. पण त्या कालव्याच्या पाण्यावर शरीराची इतर पिकेही उभी असतात. जंतूंशी लढणे, जखम भरणे ही कामेही त्याच साखळीतून होतात. दार किती वेळ बंद ठेवायचे हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

चार मिलिग्रॅमचे वजन

स्टेरॉइड हे शरीराला परके द्रव्य नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे स्टेरॉइड रोज तयार करतात, साधारण १० ते २० मिलिग्रॅम. पहाटे ते वाढते, रात्री उतरते. आजारपणात किंवा शस्त्रक्रियेच्या ताणात ग्रंथी त्याचे प्रमाण आपोआप वाढवतात.

औषध म्हणून त्याचा उपयोग १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांवर केला. अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास काय घडते हेही कळत गेले. चेहरा गोल होतो, साखर व रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो.

दाढ काढताना सर्वाधिक वापरले जाणारे स्टेरॉइड म्हणजे डेक्सामेथासोन. त्याची प्रचलित मात्रा ४ ते ८ मिलिग्रॅम असते. आकडा लहान दिसतो, पण ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची ताकद शंभराहून अधिक मिलिग्रॅम कॉर्टिसोलइतकी असते, म्हणजे शरीराच्या कित्येक दिवसांच्या निर्मितीएवढी. शिवाय त्याचा प्रभाव दीड ते दोन दिवस टिकतो. सूज ज्या काळात चढते तोच हा काळ असल्याने एकच मात्रा बहुधा पुरेशी होते. काही शल्यचिकित्सक प्रेडनिसोलोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन वापरतात. नावे वेगळी असली तरी कुळ एकच.

एका मात्रेने काय साधते

या विषयावर जगभर अनेक वर्षे चाचण्या झाल्या आहेत. त्यांचा एकत्रित कौल असा की, शस्त्रक्रियेच्या थोडे आधी किंवा लगेच नंतर दिलेल्या स्टेरॉइडमुळे पहिल्या दोन-तीन दिवसांची सूज कमी होते आणि जबडा कमी आखडतो. वेदनेवरचा परिणाम मात्र तेवढा ठाम नाही. काहींना दिलासा मिळतो, काहींना फारसा फरक जाणवत नाही. म्हणून स्टेरॉइड दिले तरी वेदनाशामकाची जागा ते घेत नाही. आठवड्यानंतरच्या स्थितीत तर औषध घेतलेला आणि न घेतलेला रुग्ण यांच्यात फारसा फरक उरत नाही. स्टेरॉइडने जखम लवकर भरत नाही, मधले कठीण दिवस सोपे होतात, इतकेच.

औषध देण्याच्या पद्धती अनेक आहेत. तोंडावाटे गोळी, शिरेतून किंवा दंडात इंजेक्शन, अथवा दाढेजवळच्या हिरडीत थेट इंजेक्शन. शेवटच्या पद्धतीचा एक व्यावहारिक फायदा असा की भाग आधीच बधिर असल्याने टोचल्याचे दुखत नाही आणि घरी गोळ्या न्याव्या लागत नाहीत. ज्या घरात औषधांचा हिशेब ठेवणारे कोणी नाही, तिथे हा फायदा लहान नाही.

प्रत्येकाला याची गरज असते असेही नाही. वरची सरळ उगवलेली दाढ दहा मिनिटांत निघत असेल तर स्टेरॉइडचे कारण नाही. खालच्या जबड्यात आडवी रुतलेली, हाड कोरूनच काढावी लागणारी दाढ असेल तर विचार होतो. त्याही आधीचा प्रश्न म्हणजे दाढ काढायलाच हवी का? ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली असे मार्गदर्शन केले की, त्रास न देणारी निरोगी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. सत्तरीच्या माणसाला हा विचार अधिकच लागू पडतो. दाढ शांत असेल तर वेळोवेळी क्ष-किरण तपासणी करून तिच्यावर लक्ष ठेवणे हाही एक उपचारच आहे.

वर्ध्याने पाहिलेली स्टेरॉइडची दोन रूपे

वर्धा जिल्ह्याला हे औषध नवे नाही. येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम उभे केले, सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा केली आणि १९५१ पासून गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण कार्याचे केंद्रही वर्ध्यातच आहे. कुष्ठरोगात कधीकधी शरीराची प्रतिक्रिया उसळते आणि नसा सुजतात. त्या वेळी प्रेडनिसोलोन हेच मुख्य औषध असते. ते कित्येक आठवडे, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत दिले जाते. वेळेवर मिळाले तर हातपाय लुळे पडण्यापासून वाचतात. शिस्तीने दिलेले स्टेरॉइड काय करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

दुसरे रूप २०२१ च्या उन्हाळ्यात दिसले. आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधील रिकव्हरी या मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. मात्र ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा लाभ झाला नाही. हा दुसरा भाग अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्या लाटेत घरी पडलेल्या सौम्य रुग्णांनीही स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. त्यात मधुमेही होते, रक्तातली साखर भडकलेली होती आणि म्युकरमायकोसिस या बुरशीला वाट मिळाली. दाढा अकस्मात हलू लागणे, टाळूवर काळा डाग पडणे, गाल बधिर होणे, डोळा सुजणे अशी लक्षणे घेऊन अनेक रुग्ण प्रथम दंतवैद्याकडेच आले. विदर्भात कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा गेला, काहींचा जीव गेला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास सांगितले. त्याच महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत या बुरशीवरील ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले. आजार आणि औषध दोन्ही इतक्या जवळून पाहिलेल्या जिल्ह्यात ‘स्टेरॉइड’ म्हटल्यावर मनात धास्ती उभी राहिली तर नवल नाही.

पण दाढेसाठी दिलेली एक मात्रा आणि त्या वेळचा दीर्घ, अनियंत्रित वापर यांची गल्लत करू नये. साखर आटोक्यात असलेल्या माणसाला एका मात्रेने म्युकरमायकोसिस होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. २०२१ चा धडा असा की, मधुमेह असलेल्याने साखर न मोजता आणि डॉक्टरांना न विचारता हे औषध घेऊ नये.

खुर्चीत बसण्यापूर्वी काय सांगावे

दंतवैद्याला जबड्याचा फोटो दिसतो, रुग्णाच्या घरातला औषधांचा डबा दिसत नाही. तो दाखवणे हे काळजीवाहकाचे काम. चालू असलेली सर्व औषधे, त्यांच्या पट्ट्यांसह, एका पिशवीत घालून न्यावीत आणि पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात.

मधुमेह. स्टेरॉइडने साखर वाढते, विशेषतः दुपारच्या व सायंकाळच्या जेवणानंतर, आणि हा परिणाम एक ते दोन दिवस टिकतो. उपाशीपोटीची साखर ठीक आली म्हणून निर्धास्त होऊ नये. अलीकडचा एचबीए१सी अहवाल सोबत असावा. साखर फार वाढलेली असेल तर दाढ काढणे काही आठवडे पुढे ढकलणे शहाणपणाचे.

पूर्वीपासून चालू असलेले स्टेरॉइड. दमा, संधिवात, त्वचारोग किंवा कुष्ठरोगाची प्रतिक्रिया यांसाठी जे रोज प्रेडनिसोलोन घेतात, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असू शकतात. शस्त्रक्रियेच्या ताणात त्या जाग्या होत नाहीत आणि रक्तदाब कोसळून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. अशांनी दाढ काढायची म्हणून गोळी बंद करणे सर्वांत धोक्याचे. उलट त्या दिवशी मात्रा वाढवावी लागेल का, हे मूळ डॉक्टरांना विचारावे.

पुडीतले औषध. सांधेदुखीवर गावोगावी विकल्या जाणाऱ्या नाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या-तपकिरी गोळ्या यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. ‘दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला’ असा अनुभव असेल तर शंका घ्यावी. आजीबाई महिनोन्‌महिने अशी पुडी घेत असतील तर नकळत त्यांची अवस्था वरच्या परिच्छेदातल्या रुग्णासारखीच झालेली असते. संकोच न करता ही पुडी डॉक्टरांना दाखवावी. ती एकाएकी बंदही करू नये.

सिकलसेल. विदर्भात हा आजार अनेक कुटुंबांत आहे. १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. सिकलसेलच्या रुग्णांत स्टेरॉइडनंतर वेदनेचा तीव्र झटका येण्याचा धोका असतो. नातवंडाच्या कार्डावर ‘एसएस’ लिहिलेले असेल तर दाढेची शस्त्रक्रिया त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावी. पाणी भरपूर, उपवास नाही आणि स्टेरॉइड शक्यतो टाळलेले बरे.

याशिवाय क्षयरोग, जठरव्रण, काचबिंदू आणि पूर्वीचा मानसिक आजार यांचा उल्लेख आवर्जून करावा. जठरव्रणाचा इतिहास असताना स्टेरॉइड आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक एकत्र दिल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही वेदनाशामके टाळावीत. त्यांना पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर थांबवू नये, तिचा निर्णय हृदयरोगाच्या डॉक्टरांसह व्हावा. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी तेही सांगावे, कारण अशा औषधांनंतर दाढ काढल्यास क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही.

जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात वैद्यकीय रुग्णालयही आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. अनेक आजार असलेल्या ज्येष्ठाची अवघड दाढ अशा ठिकाणी काढणे सोयीचे, जिथे दंतशल्यचिकित्सक आणि फिजिशियन एकमेकांशी बोलू शकतात. आष्टी, कारंजा (घाडगे) किंवा समुद्रपूरसारख्या दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी सकाळची वेळ मागावी. म्हणजे रक्तस्राव थांबल्याची खात्री करूनच परतीच्या एसटीत बसता येते.

घरचे पहिले सात दिवस

पहिला दिवस. जखमेवरचा कापसाचा किंवा गॉझचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाबून धरावा. थुंकू नये, चूळ भरू नये, स्ट्रॉने ओढून पिऊ नये. जखमेत जमलेली रक्ताची गुठळी हाच तिचा नैसर्गिक लेप असतो आणि या साऱ्यांनी ती निघून जाते. गालावर रुमालात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ काढावा. आपल्या घरांत दुखणे दिसले की तवा तापवून शेकण्याची घाई होते. पहिल्या दिवशी शेक दिल्यास सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. हळद, लवंगेचे तेल, तुरटी यांपैकी काहीही खड्ड्यात भरू नये. बधिरता उतरेपर्यंत गरम काही देऊ नये, ओठ-जीभ भाजल्याचे कळत नाही.

गोळीच्या रूपात स्टेरॉइड दिले असेल तर ते सकाळी, काही खाल्ल्यानंतर घ्यावे. रात्री घेतल्यास झोप उडते. ज्येष्ठांमध्ये क्वचित अस्वस्थता, बडबड किंवा भ्रमही दिसतो. औषध संपल्यावर ते निवळते, पण डॉक्टरांना कळवावे.

दुसरा व तिसरा दिवस. सूज वाढलेली दिसेल, घाबरू नये. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर, पाणी तोंडात नुसते फिरवून सोडावे. ४८ तासांनंतर बाहेरून कोमट शेक चालतो, त्याने आखडलेला जबडा सैल होतो. मधुमेहींनी या दोन दिवसांत जेवणानंतरची साखर मोजावी. ती ३०० च्या वर गेल्यास दूरध्वनी करावा. उलटही घडू शकते. दुखते म्हणून जेवण टाळले आणि इन्सुलिन मात्र नेहमीचे घेतले, तर साखर धोकादायक खाली जाते.

खाणे मऊ, थंडसर आणि पुरेसे असावे. मऊभात, मुगाची पातळ खिचडी, ज्वारीचे आंबील, ताक, दही, केळे, वरण. तिखट तर्री, चिवडा, भाजलेले शेंगदाणे आणि पाहुण्यांनी आणलेला गोरसपाक आठवडाभर कपाटात राहू द्यावा. उन्हाळा असेल तर पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण तोंड दुखते म्हणून म्हातारी माणसे पाणी पिणेच कमी करतात.

खर्रा, तंबाखू, विडी. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पण विदर्भातला खर्रा थांबला नाही. दाढ काढल्यानंतर तंबाखू घेतल्यास गुठळी निघून हाड उघडे पडण्याची शक्यता वाढते. किमान आठवडाभर तो तोंडात जाता कामा नये. खर्ऱ्यातल्या सुपारीने आधीच तोंड कमी उघडत असेल तर दाढ काढणे कठीण होते. ते आखडणे वेगळ्या आजाराचे असते आणि एका मात्रेने सुटत नाही. दंतवैद्याकडून त्याची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

चौथ्या दिवसापासून रोज आरशासमोर हळूहळू तोंड उघडण्याचा सराव करावा. दोन बोटे मावू लागली, मग तीन, अशी प्रगती मोजता येते. टाके असतील तर ते साधारण सातव्या दिवशी काढतात. विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत.

चौथ्या दिवसाची परीक्षा

खरा कसोटीचा क्षण चौथ्या दिवशी येतो. सूज ओसरत असेल तर प्रश्न नाही. पण ती पुन्हा वाढली, गिळताना त्रास होऊ लागला, ताप आला, तोंडात पू किंवा दुर्गंधी आली, तर तो जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ‘पहिल्या गोळीने बरे वाटले होते, आणखी दोन देऊ’ हा विचार घात करतो. स्टेरॉइड ताप आणि सूज झाकते, जंतू मरत नाहीत. रुग्णाला बरे वाटत राहते आणि पू गळ्याच्या दिशेने उतरत जातो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकाएकी कानापर्यंत ठणका लागला आणि खड्डा रिकामा दिसू लागला, तर गुठळी निघून गेली असे समजावे. यावर स्टेरॉइड किंवा प्रतिजैविक हा उपाय नव्हे. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतात आणि बहुधा त्याच दिवशी आराम पडतो.

श्वास घेण्यास किंवा लाळ गिळण्यास अडचण, जिभेखाली घट्ट सूज, अर्धा तास दाबूनही न थांबणारे रक्त, काळी शौचास, वारंवार उलट्या आणि गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली तर ते मात्र दुसऱ्या दिवशीच कळवावे, कारण नसेला इजा झाली असल्यास उपचार लवकर सुरू झालेले बरे.

उरलेल्या गोळ्यांचे काय करावे

डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही सर्व ‘एच’ परिशिष्टातील औषधे आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात दुकानात पट्टी मागितली की मिळते आणि दोन-तीन रुपयांच्या गोळ्यांनी तात्पुरते इतके बरे वाटते की माणूस पुन्हा तिथेच जातो. भूक लागते, अंग हलके वाटते, दुखणे मागे सरते. ज्येष्ठांना याचीच भुरळ पडते.

तेव्हा दाढेची चिठ्ठी हाती आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. यात स्टेरॉइड कोणते? ते नेमके किती वेळा, कोणत्या दिवसापर्यंत घ्यायचे? आणि आमच्या घरच्या रुग्णाचा मधुमेह, रक्तदाब किंवा चालू औषधे पाहता ते योग्य आहे का? उत्तरे त्या चिठ्ठीच्याच मागे लिहून ठेवावीत. मात्रा संपली की पट्टीत गोळ्या उरल्या असतील तर त्या दुकानात परत कराव्यात किंवा नष्ट कराव्यात. औषधांच्या डब्यात ठेवू नयेत. एका दुखण्यासाठी, एका माणसाला, मोजून दिलेले औषध शेजारच्याच्या गुडघ्यासाठी किंवा पुढच्या महिन्याच्या तापासाठी कधीच नसते.

दाढ काढल्यानंतरचे तीन दिवस थोडे जड जातात. ते सोसण्याजोगे करण्याचे साधन आज उपलब्ध आहे, हे चांगलेच आहे. त्याची मात्रा ठरवणे शल्यचिकित्सकाकडे असू द्यावे. घरच्यांनी औषधांची पिशवी उघडी करून दाखवावी, साखर मोजावी आणि चौथ्या दिवशी सूज नीट पाहावी.